टर्बो इंधन वाचवतो की जास्त पितो?

प्रश्न : आमच्या घरी दोन पिकअप आहेत, दोन्ही बोलेरो. भाजीपाला घेऊन वाशी मार्केटला जातात आणि येताना खत, किराणा, जो परतीचा माल मिळेल तो भरून कसारा घाट चढतात. रिकामी असली की चौदा-पंधराचं ॲव्हरेज पडतं, भरलेली असली की अकरा-बारा. माझा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला असतो. त्याने फोर्ड एफ-१५० घेतली आहे. साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याला दोन टर्बो. मोकळी गाडी हायवेला गॅलनमागे एकवीस मैल देते. पण मागे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून डोंगरात निघाला की नऊ मैलांवर येते. त्याचा शेजारी म्हणतो, टर्बो घेतलास तिथेच चुकलास, व्ही-८ घ्यायचं होतंस. टर्बो तर आमच्या गाड्यांनाही आहे. मग तिथेच एवढा फरक का? टर्बोने इंधन वाचतं की जास्त जातं?
— एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : आधी दोन्ही गाड्यांचे आकडे एका मापात आणू. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि मैल १.६०९ किलोमीटरचा. त्यामुळे तिकडच्या आकड्याला ०.४२५ ने गुणलं की आपलं लिटरमागचं किलोमीटर निघतं. मुलाची गाडी मोकळी असताना ८.९ देते आणि ट्रेलर ओढताना ३.८. ऐकून छातीत धस्स होईल, पण त्या कामाला हा आकडा नेहमीचाच आहे. गाडीत बिघाड नाही, एवढं त्याला आजच कळवा.

आता मूळ प्रश्न. टर्बो स्वतः इंधन वाचवत नाही. वाचवतं ते लहान इंजिन, आणि मोठ्या गाडीत लहान इंजिन बसवण्याची सोय टर्बो करून देतो.

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेतली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर निघून जाते. टर्बो त्या झोताच्या वाटेत एक चक्र ठेवतो. धुराने ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं आणि ती हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन सिलिंडरात जाते. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १९०५ मध्ये अर्ज केला होता, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरात आली. तिचा व्यापारी उपयोग सुरुवातीला जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत झाला. पिकअपपर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

धूर फुकट आहे म्हणून त्यातून मिळणारी ताकदही फुकट, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सिलिंडरात हवा जेवढी जाईल त्या प्रमाणातच इंधन जळतं. टर्बोने दीडपट हवा कोंबली तर तिच्या जोडीला इंधनही तितक्याच पटीने लागतं. तुम्ही शेतीभातीच्या भागातले आहात म्हणून सांगतो. वर्षभर आठ सालगडी ठेवले तर काम असो नसो, आठ जणांचा खर्च रोज उभा राहतो. चारच सालगडी ठेवून सुगीला रोजंदारीवर माणसं लावली तर वर्षाचा खर्च उतरतो, पण सुगीच्या दिवसांत मजुरी पुरेपूर मोजावी लागते आणि कधी कधी चढ्या भावाने. आठ सिलिंडरांचं मोठं व्ही-८ इंजिन हा पहिला प्रकार, लहान टर्बो इंजिन हा दुसरा. ज्याच्याकडे बाराही महिने सुगी चालते, त्याची दुसऱ्या प्रकारात बचत होत नाही.

मोठं इंजिन रिकामपणी जास्त का खातं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर हवेची वाट अडवावी लागते. पाय उचलला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि पिस्टनना उरलेल्या फटीतून हवा ओढत बसावं लागतं. ही ओढाताण इंधनातूनच भरून निघते. मोकळी पिकअप सपाट रस्त्यावर ताशी ९०-१०० किलोमीटरने न्यायला तीस-चाळीस अश्वशक्ती पुरतात. पाच लिटरच्या, ३६० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून एवढंच काम घ्यायचं म्हणजे झडप बहुतांश बंद आणि आठही पिस्टनचं, त्यांच्या रिंगांचं, बेअरिंगांचं घर्षण मात्र चालूच. साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडरांना तेच काम करताना झडप जास्त उघडी ठेवावी लागते आणि घासणारे भागही कमी असतात. त्या वेळी टर्बो जवळजवळ निवांत असतो. म्हणजे ज्या वेळी टर्बोच्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं पडतं, त्या वेळी टर्बोचं काम फारसं चाललेलं नसतं.

ही बचत किती मोठी? फोर्डने एफ-१५० मध्ये साडेतीन लिटरचं, दोन टर्बोंचं इकोबूस्ट इंजिन २०११ च्या मॉडेलला आणलं, तेव्हा त्याच गाडीत पाच लिटरचं साधं व्ही-८ सुद्धा मिळत होतं. त्यामुळे तुलना सोपी आहे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेल्या गाडीसाठी सरकारी आकडे असे होते : टर्बोला शहरात १६ आणि हायवेला २२ मैल, व्ही-८ ला १५ आणि २१. आपल्या मापात हायवेला ९.४ आणि ८.९. अर्ध्या किलोमीटरचा फरक! एवढ्यासाठी कुणी गाडी बदलू नये. चार वर्षांनी, २०१५ च्या मॉडेलमध्ये २.७ लिटरचं आणखी लहान टर्बो इंजिन आलं आणि त्याने १९ आणि २६ गाठले. पण त्याच वर्षी गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची झाली आणि वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास घटलं. तेव्हा सगळं श्रेय इंजिनाला देता येत नाही.

खरा फरक ओढीत आहे. २०११ च्या त्या दोन इंजिनांची कमाल अश्वशक्ती सारखीच होती, ३६५ आणि ३६०. पण टॉर्क पाहा. व्ही-८ चा टॉर्क सुमारे ५१५ न्यूटन-मीटर आणि तो मिळायचा ४२५० फेऱ्यांवर. टर्बोचा सुमारे ५७०, तोही २५०० फेऱ्यांवर. घाटात भरलेली गाडी चालवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. एक इंजिन दोन गिअर खाली उतरून ओरडत चढतं, दुसरं वरच्या गिअरमध्ये गुमान ओढत राहतं. माझ्या मते पिकअपमध्ये टर्बो घेण्याचं प्रामाणिक कारण हेच आहे. कंपन्यांनी मात्र जाहिरातीत इंधनबचत पुढे केली आणि लोकांच्या अपेक्षा तिथेच चुकल्या.

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर ॲव्हरेजच्या आकड्यांचा जो कागद चिकटवलेला असतो, त्याबद्दलही सांगायला हवं. हे आकडे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने काढले जातात. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगांनी चालवतात. हायवेच्या मूळ चाचणीत सरासरी वेग ताशी अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. जास्त वेगाच्या, एसीच्या आणि थंडीतल्या चाचण्याही आता हिशेबात धरतात. आपल्याकडचा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडाही असाच प्रयोगशाळेतला असतो. पण या चाचण्यांत मागे ट्रेलर नसतो आणि हौद्यात माल नसतो. एवढ्या हलक्या कामात टर्बोला जोर लावण्याची वेळ फार थोडी येते, म्हणून लहान टर्बो इंजिन या चाचणीत उजळून निघतं. यात लबाडी नाही, चाचणीच तशी आहे. पण जी गाडी ओझं वाहायला घेतात, तिचं ॲव्हरेज ओझ्याशिवाय मोजून ग्राहकाला द्यायचं हे मला मुळीच पटत नाही. भरलेल्या गाडीचा दुसरा आकडा त्या कागदावर असायलाच हवा, तिथेही आणि आपल्याकडेही.

आता ट्रेलर जोडल्यावर काय होतं ते पाहू. चढ लागला, पाय दाबला, टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली. दाबलेल्या हवेने सिलिंडरातला दाब आणि उष्णता वाढते आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटू लागतं. मेकॅनिक याला 'इंजिन ठोकतंय' म्हणतात. ते टाळायचं म्हणून अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच थोडं कमी ठेवतात. फोर्डचं पाच लिटर व्ही-८ २०१८ पासून १२ ला १ वर गेलं, तर साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन १०.५ ला १ वर राहिलं. कॉम्प्रेशन कमी म्हणजे त्याच इंधनातून काम थोडं कमी. शिवाय ठोकण्याची चिन्हं दिसली की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, त्यातही काही काम वाया जातं.

याहून महत्त्वाची गोष्ट टर्बोच्या चक्राची. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरात नऊशे अंशांच्या वर जातो आणि चक्राला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो सोसत नाही. मग इंजिन थंड करायला काय वापरायचं? पेट्रोलच! एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पूर्ण भारावर संगणक हे प्रमाण बाराच्या आसपास आणतो, म्हणजे हवेच्या हिशेबाने वीस टक्क्यांहून जास्त पेट्रोल सोडतो. हे जादा पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, एवढाच त्याचा उपयोग. चढ्या भावाची मजुरी म्हटली ती ही. साधं व्ही-८ सुद्धा पूर्ण जोरात थोडं जादा पेट्रोल सोडतं, पण त्याच्यावर तशी वेळ कमी येते.

तुमच्या बोलेरोला हे दुखणं नाही, कारण ती डिझेल आहे. डिझेल इंजिनात ताकद हवेने नाही, इंधनाने कमी-जास्त करतात. हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे हलक्या कामात झडपेच्या फटीतून हवा ओढण्याची कटकट नसते. डिझेल हवेच्या उष्णतेनेच पेटतं, म्हणून दाब वाढला तर पेट्रोलसारखं ते बिघडत नाही आणि कॉम्प्रेशन वर ठेवता येतं. धूरही तुलनेने थंड असतो. टर्बोने हवा वाढवली की डिझेल जास्त नीट जळतं आणि काळा धूर कमी होतो. अडीच लिटरचं, पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन दीड टन माल घेऊन कसारा चढतं ते कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या २०० न्यूटन-मीटरच्या टॉर्कवर. टर्बोचं खरं घर डिझेल इंजिन आहे, असं मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेतही पिकअपवाल्यांना टर्बोची गोडी लावली ती १९८९ च्या डॉज रॅममधल्या कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेलने. अश्वशक्ती फक्त १६०, पण टॉर्क ५४० न्यूटन-मीटर.

तरीही पंधरावरून बारा आणि नऊवरून चार, या दोन घसरणींतला सगळा फरक पेट्रोल-डिझेलचा नाही. वजनाचा तर नाहीच. दीड टन मालाने तुमच्या गाडीचंही वजन दुपटीच्या जवळ जातं. मोठा गुन्हेगार वारा आहे. तुमचा माल हौद्यात बसतो, ताडपत्री बांधली की गाडीचं वाऱ्याला भिडणारं अंग फार वाढत नाही आणि तुमचे ड्रायव्हर साठ-सत्तरने चालवतात. मुलाच्या मागे ट्रकच्या टपापेक्षा उंच, चपट्या तोंडाची एक खोलीच चालली आहे आणि तिकडच्या हायवेला वेगमर्यादा बऱ्याच ठिकाणी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सत्तरला जेवढा असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट तो १२० ला होतो. हे काम कुठल्याही इंजिनाला चुकत नाही. म्हणून ट्रेलर मागे लागला की टर्बो आणि व्ही-८ यांचे आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन बसतात. शेजाऱ्यांनी आपला ट्रक तोच ट्रेलर लावून त्याच रस्त्याने नेला तर त्यांनाही गॅलनमागे साडेनऊ-दहा मैलांच्या पुढे फार काही मिळेल असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र शेजाऱ्यांचा सल्ला साफ चुकतो, कारण तुमचा मुलगा राहतो कोलोरॅडोत. कोलोरॅडो स्प्रिंग्ज समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरच्या वर आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा मोठा हायवे आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरवर पोहोचतो. तिथे हवा तीस टक्क्यांच्या आसपास विरळ असते. साध्या इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकदही तेवढी कमी. ३६० अश्वशक्तीच्या व्ही-८ चं तिथे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन होतं. टर्बो आपला वेग वाढवून विरळ हवा जास्त दाबतो आणि ताकद बरीचशी टिकवतो.

मुलाच्या घरून जो पाइक्स पीक दिसतो, तिथेच हे पहिल्यांदा ठळकपणे सिद्ध झालं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून त्या ४,३०० मीटर उंच शिखरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० च देत होतं. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिली. विमानांना उंचीवर ताकद मिळावी म्हणून केलेला तो प्रयोग होता, पण डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्यालाही त्याचा फायदा तसाच होतो. पुढच्या भेटीत मुलाला घेऊन तुम्ही त्या शिखरावर जरूर जा, वरपर्यंत गाडीरस्ता आहे.

यातून एक कामाची सूचना निघते. कोलोरॅडोत पंपावर सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. इतर बहुतेक राज्यांत ते ८७ असतं. विरळ हवेत जुन्या साध्या इंजिनांतला दाब आपोआप कमी असायचा, म्हणून कमी ऑक्टेनवर भागायचं. टर्बो तो दाब पुन्हा वर आणतो, त्यामुळे ८५ त्याला चालत नाही. किमान ८७ घालावं, आणि ट्रेलर घेऊन डोंगरात जायचं असेल तर ९१. ठिणगी मागे ओढण्याची वेळ कमी येते, ओढ टिकते आणि थोडं ॲव्हरेजही सुधारतं. दुसरं, वेग. १२० ऐवजी शंभरने चालवलं तर जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही मिश्रणाने किंवा किटने पडणार नाही. गाडीच्या पडद्यावर टर्बोचा दाब दाखवणारा काटा असेल तर तो लावून ठेवावा. सपाटीवर तो खाली ठेवता आला की पैसे वाचताहेत असं समजावं.

वर्षातले बहुतेक दिवस मोकळी गाडी आणि चार-सहा सहली ट्रेलरच्या, असा त्याचा वापर असेल तर त्याने घेतलेलं इंजिन योग्य आहे. दर आठवड्याला ट्रेलर ओढायचा असता तर मी टर्बोच, पण डिझेलचा सुचवला असता. जनरल मोटर्सच्या तीन लिटर सहा सिलिंडरांच्या डिझेलला २०२० च्या सिल्व्हराडोत हायवेला ३३ मैलांचा आकडा मिळाला होता, म्हणजे लिटरला चौदा. तिकडे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असतं, तो हिशेब करूनही जास्त ओढणाऱ्याला ते परवडतं. व्ही-८ चे चाहते तरीही हटणार नाहीत. रॅमने २०२५ च्या मॉडेलला ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ काढून तीन लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन दिलं. नव्या इंजिनाची ताकद जास्त होती, तरी २०२६ साठी हेमी परत आणावं लागलं. लोकांना त्या इंजिनाचा आवाज आणि साधेपणा आवडतो. शेजाऱ्यांनी तसं म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता.

प्रश्न : माझ्याकडे जुनी, टर्बो नसलेली छोटी मालवाहू डिझेल गाडी आहे. टर्बोचं किट बसवून घेतलं तर ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल, असं एकाने सांगितलं. करावं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : करू नका. नुसती हवा वाढवून ताकद येत नाही, जोडीला पंप वाढवून डिझेलही जास्त सोडावं लागतं. मग ॲव्हरेज वाढणार कुठून? आणि जास्त दाबासाठी पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंगं, रेडिएटर, काहीच घडवलेलं नसतं. टर्बोच्या दांड्याला ऑइलची वेगळी वाट लागते, ती बाहेरून जोडलेल्या नळीवर भागवली तर ती नळी सुटण्याच्या दिवशी टर्बो जातो आणि पाठोपाठ इंजिन. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवेल.

छोटी गाडी बिनटर्बोची असते ती विचारपूर्वक. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचं, आपल्या छोट्या हत्तीचं, इंजिन ७०२ सीसीचं आणि दोन सिलिंडरांचं होतं, टर्बो नव्हता. गल्लीबोळांतल्या लहान फेऱ्यांना स्वस्त आणि कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणारं इंजिन हवं होतं, आणि ते काम त्याने उत्तम केलं. तुमची गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टायरची हवा बघा. क्लच घसरतोय का, ब्रेक चिकटतोय का, तेही बघा. एवढं करून काम भागत नसेल तर गाडी मालाच्या मानाने लहान पडते आहे. तेव्हा ती विकून कंपनीनेच टर्बो बसवलेली मोठी पिकअप घेणं किटपेक्षा शहाणपणाचं ठरेल.

प्रश्न : घाट चढून आल्यावर टर्बोची गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. आमचे जुने ड्रायव्हर दोन मिनिटं थांबतात, नवे ऐकत नाहीत. खरं काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : जुने ड्रायव्हर बरोबर करतात. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा पंपही थांबतो. पण दांडा अजून फिरत असतो आणि धुराच्या बाजूचं कवच तापलेलं असतं. तिथे अडकलेलं ऑइल करपतं, त्याचा कोळसा बेअरिंगच्या बारीक वाटांत साठतो. एका दिवसात काही होत नाही, पण वर्षभरात दांड्याला खेळ येतो, गाडी ऑइल खायला लागते आणि निळा धूर दिसू लागतो. चढ संपल्याबरोबर हॉटेलपाशी थांबलात तर एक-दोन मिनिटं इंजिन जागेवर चालू द्यावं. बंद करण्याआधी ॲक्सिलरेटर दाबून रेस देण्याची सवय काहींना असते, ती टर्बोला सर्वांत घातक. दांड्याला वेग द्यायचा आणि त्याच क्षणी त्याचं ऑइल तोडायचं, असं ते होतं.

गावातून हळूहळू येऊन दारात लावलेल्या गाडीला मात्र थांबायची गरज नाही, टर्बो वाटेतच निवलेला असतो. सकाळी गाडी सुरू केल्यावरही अर्धा मिनिट रेस देऊ नये, ऑइल वरपर्यंत पोहोचू द्यावं. नव्या पेट्रोल टर्बो गाड्यांत बेअरिंगभोवती पाणी फिरवतात. काहींत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा छोटा पंप ते पाणी थोडा वेळ फिरवत राहतो. नव्या ड्रायव्हरांनी तशी गाडी चालवली असेल तर त्यांचं म्हणणं त्या गाडीपुरतं खरं आहे. तुमच्या गाड्यांमध्ये तशी सोय आहे का, ते सोबतच्या पुस्तिकेत पाहा किंवा सर्व्हिस सेंटरवर विचारा. नसेल तर दोन मिनिटांचा नियम सगळ्या ड्रायव्हरांना लावा आणि ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच, दिलेल्या किलोमीटरला बदला.